अपुऱ्या कॉलची माघार : इंटरनेट-दूरध्वनीच्या एका संकेताचा विचार

बोलणे सुरू झाल्यावर ते संपविणे ही एक क्रिया, आणि बोलणे सुरू होण्यापूर्वीच त्याचा नाद सोडून देणे ही दुसरी. आजच्या फोनवर या दोन्ही क्रिया एकाच तांबड्या खुणेवर बोट टेकून होत असल्यामुळे त्यांतील भेद सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. यंत्राच्या आतील भाषेत मात्र त्यांच्यासाठी दोन स्वतंत्र शब्द आहेत, त्या शब्दांचे व्याकरण वेगळे आहे, आणि कोणता शब्द कोणी केव्हा उच्चारावा याविषयी कडक नियम आहेत. हे द्वैत का निर्माण झाले आणि ते टाळता आले असते काय, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. विषय वरकरणी अभियंत्यांचा वाटला तरी संभाषणाच्या अभ्यासकाने त्याकडे पाठ फिरवावी असा तो नाही; कारण संभाषण नेमके कोणत्या क्षणी सुरू होते, या भाषाविज्ञानातील जुन्याच प्रश्नाला येथे, यंत्रापुरते का होईना, निश्चित उत्तर द्यावे लागलेले आहे.

मराठीने हा भेद फार पूर्वी टिपलेला दिसतो. ग्राहकाने स्वतः क्रमांक फिरवून दूरच्या गावी बोलण्याची सोय भारतात प्रथम १९६० मध्ये कानपूर व लखनौ या शहरांच्या दरम्यान झाली. तत्पूर्वी, आणि त्यानंतरही कित्येक वर्षे बहुतेक गावी, औरंगाबादहून मुंबईस वा नागपुरास बोलावयाचे झाल्यास ट्रंक कॉल नोंदवावा लागे. एक्स्चेंजमधील ऑपरेटरला क्रमांक सांगून माणूस घरी वाट पाहत बसे. घाई असल्यास अधिक दराने 'अर्जंट' नोंदवी. या वाट पाहण्याच्या काळात कॉल 'रद्द' करता येई. एकदा तो लागला म्हणजे तो रद्द होत नसे. मग फोन 'ठेवावा' लागे. रद्द करावयाचे ते ऑपरेटरला सांगावयाचे, कारण पलीकडच्या माणसाला आपणास कोणी बोलावीत आहे याची वार्ताही नसे. उलट, फोन ठेवण्यापूर्वी 'बरं, ठेवतो' असे जे म्हणावयाचे ते पलीकडच्याला. एक शब्द मध्यस्थाला उद्देशून, दुसरा संवादकाला उद्देशून : इंटरनेट-दूरध्वनीतील व्यवस्था समजून घेण्यास या दोन क्रियापदांपेक्षा चांगली किल्ली सापडणे कठीण आहे.

पुढे एक्स्चेंजे स्वयंचलित झाली आणि ऑपरेटर गेला, तसे यंत्रांना या भेदाची गरज उरली नाही. जुन्या दूरध्वनी जाळ्यात दोन ग्राहकांमध्ये एक सलग मार्ग राखून ठेवलेला असतो आणि वाटेतील प्रत्येक एक्स्चेंज त्या मार्गाचा आपापला तुकडा धरून बसलेले असते. कॉल घंटेच्या अवस्थेत असो की बोलण्याच्या, सोडावयाचा असतो तो हाच तुकडा. म्हणून एक्स्चेंजांच्या आपसांतील भाषेत दोहोंसाठी 'रिलीज' हा एकच संदेश पुरतो. तो का पाठविला याचे कारण सोबत एका क्रमांकाने कळविले म्हणजे झाले. जोपर्यंत तार आहे तोपर्यंत तारेची अवस्था हीच संभाषणाची अवस्था. इंटरनेटवर ही तारच नाहीशी झाली. तेथे संदेशाची पाकिटे सुटी सुटी जातात. काही वाटेत हरवतात, काही मागून निघून आधी पोचतात. कॉल कोणत्या अवस्थेत आहे हे जाळे सांगू शकत नाही. प्रत्येक बाजूने आपल्या हाती आलेल्या संदेशांवरून त्याचा अंदाज बांधावयाचा असतो, आणि कॉल अपुरा असताना दोन बाजूंचे अंदाज जुळतीलच याची हमी नसते. सर्व गुंतागुंतीचे मूळ येथे आहे.

इंटरनेटवरून कॉल जुळविण्याच्या खुल्या पद्धतींत 'सेशन इनिशिएशन प्रोटोकॉल', संक्षेपाने 'सिप', ही आज सर्वांत रुळलेली. तिचा पहिला आराखडा मार्च १९९९ मध्ये आरएफसी २५४३ या क्रमांकाने प्रसिद्ध झाला आणि जून २००२ मध्ये आरएफसी ३२६१ ने त्याची जागा घेतली. ही काही केवळ संगणक-कार्यालयांपुरती गोष्ट राहिलेली नाही. ४जी जाळ्यावरील 'व्होल्टे' पद्धतीचे सर्व कॉल सिपनेच जुळविले जातात. रिलायन्स जिओने सप्टेंबर २०१६ मध्ये सेवा सुरू केली ती सर्वस्वी या पद्धतीवर. एअरटेलने सप्टेंबर २०१७ मध्ये मुंबईपासून तिचा अवलंब केला. म्हणजे छत्रपती संभाजीनगरच्या सिडको बसस्थानकावर उतरून वाळूजच्या कारखान्यात पाळीवर असलेल्या भावाला फोन लावणारा मनुष्य आज नकळत सिपचीच भाषा बोलत असतो. पुढील विवेचनापुरते हेच दोन भाऊ उदाहरणादाखल घेऊ.

थोरल्याने फोन लावताच त्याच्या यंत्रातून 'इन्व्हाइट', म्हणजे निमंत्रण, हा संदेश निघतो. तो थेट वाळूजला जात नाही. 'प्रॉक्सी' नावाच्या मध्यस्थांच्या नाक्यानाक्यांवरून पुढे सरकतो. वाटेतून क्रमांकांच्या रूपाने उत्तरे येऊ लागतात. १०० चा अर्थ 'प्रयत्न चालू आहे', १८० चा अर्थ 'घंटा वाजते आहे'. ही उत्तरे तात्पुरती होत. त्यांनी काहीच निश्चित होत नाही. २०० पासून पुढची सर्व उत्तरे अंतिम : २०० म्हणजे स्वीकार, ४८६ म्हणजे 'येथे सवड नाही', ६०३ म्हणजे साफ नकार. स्वीकार आला की बोलावणाऱ्याने 'ॲक' नावाची पोच द्यावयाची आणि संभाषण सिद्ध झाले. तात्पुरती उत्तरे येऊ लागल्यापासून अंतिम उत्तर येईपर्यंतचा जो काळ, तोच अपुऱ्या कॉलचा काळ. त्यात थोरल्याने विचार बदलला तर काय?

त्यासाठी 'कॅन्सल' हा संदेश आहे. त्याचा अर्थ 'कॉल संपला' असा लावणे ही सर्वत्र आढळणारी चूक होय. त्याचा खरा अर्थ 'मघाच्या निमंत्रणावर अद्याप अंतिम उत्तर दिले नसेल तर आता त्याचा खटाटोप सोडावा' इतकाच आहे. ते विधान नव्हे, विनंती आहे, आणि तीही सशर्त. म्हणून त्याला दोन निरनिराळी उत्तरे येतात. ज्या नाक्याला 'कॅन्सल' मिळाले तो नाका लगेच त्याला २०० असे उत्तर देतो. येथे २०० चा अर्थ 'आपले म्हणणे पोचले' एवढाच. त्यानंतर मूळ निमंत्रणाला, सर्व ठीक घडल्यास, ४८७ हे अंतिम उत्तर येते : 'विनंती मागे घेण्यात आली'. थोरल्याचे यंत्र त्याची पोच देते आणि मगच निमंत्रणाचे दप्तर बंद होते. ऐकल्याची खूण आणि मानल्याची खूण या दोन गोष्टी भिन्न आहेत, हे मराठी माणसाला नव्याने सांगावयास नको. समोरचा बोलत असता मधून मधून येणारा 'हं' आणि शेवटचा 'हो' यांत गल्लत झाल्याने किती व्यवहार फसले असतील! सिपने हा 'हं' आणि हा 'हो' निरनिराळ्या व्यवहारांची उत्तरे म्हणून वेगळे ठेवले, ही त्याच्या रचनेतील फार विचारपूर्वक केलेली गोष्ट आहे.

'कॅन्सल'ची आणखी तीन वैशिष्ट्ये नोंदविण्यासारखी आहेत. पहिले, ते ट्रंक कॉलच्या काळातील 'रद्द करा' याप्रमाणे लगतच्या मध्यस्थाला उद्देशून असते. प्रत्येक नाका आपल्यापुरते उत्तर देऊन पुढच्या नाक्यासाठी स्वतःचे नवे 'कॅन्सल' तयार करतो. दुसरे, ते कोणत्या निमंत्रणाविषयी आहे हे ओळखण्यासाठी मूळ निमंत्रणावरील बहुतेक खुणा त्यावर जशाच्या तशा उमटवाव्या लागतात, अनुक्रमांकसुद्धा तोच. याचा एक चमत्कारिक परिणाम होतो. अन्य संदेशांच्या बाबतीत 'तू कोण ते सिद्ध कर' असे सर्व्हर म्हणू शकतो, कारण ओळखीचा पुरावा जोडून तो संदेश नव्या अनुक्रमांकाने पुन्हा पाठविता येतो. 'कॅन्सल'ला नवा अनुक्रमांक घेताच येत नाही, म्हणून त्याला असे आव्हानही देता येत नाही. ते निमंत्रण ज्या बाजूने आले त्याच बाजूने आले आहे काय, एवढेच पाहून त्यावर विश्वास ठेवावा लागतो. निमंत्रण देणाऱ्याची कसून चौकशी होते, माघार घेणाऱ्याची होत नाही.

तिसरे वैशिष्ट्य वेळेसंबंधीचे आहे आणि ते सर्वांत मनोरंजक आहे. निमंत्रणाला निदान एक तात्पुरते उत्तर येईपर्यंत 'कॅन्सल' पाठविण्यास मनाई आहे. थोरल्याने फोन लावल्या लावल्या तांबडी खूण दाबली तरी त्याचे यंत्र गप्प राहून १०० किंवा १८० येण्याची वाट पाहते आणि मग माघार घेते. याचे कारण ज्यांनी तारेचा काळ पाहिला आहे त्यांना तत्काळ पटेल. लग्नाची पत्रिका टपालाने रवाना झाली, दुसऱ्या दिवशी सुतक आले, आणि मुहूर्त पुढे ढकलल्याची तार केली. तार आधी पोचली आणि पत्रिका मागून. तार वाचणाऱ्याला कोणते लग्न ते कळले नाही. पत्रिका मिळाली तेव्हा तो बिचारा बस्ता बांधून निघाला. इंटरनेटवर मागून निघालेले 'कॅन्सल' पुढे पोचले तर नेमके हेच घडते. पुढच्या नाक्याला असे कोणतेच निमंत्रण ठाऊक नसते. तो ४८१, म्हणजे 'असा व्यवहार येथे नाही', असे उत्तर देऊन मोकळा होतो, आणि क्षणभराने आलेले निमंत्रण मात्र इमानाने पुढे नेतो. वाळूजला घंटा वाजते. ती थांबविणारे कोणी उरत नाही. १९९९ च्या आराखड्यात ही मनाई नव्हती. ती २००२ मध्ये घालण्यात आली, ती या शर्यतीच्या धोक्यामुळेच. निमंत्रण पोचल्याची खात्री झाल्याखेरीज ते मागे घेता येत नाही, असा हा नियम आहे.

माघारीचा संदेश अथवा त्याचे उत्तर वाटेत हरवले तर? यंत्र अर्ध्या सेकंदाने तो पुन्हा पाठविते, मग एका, मग दोन सेकंदांच्या अंतराने, असे काही काळ चालते. त्यानंतरही निमंत्रणाला अंतिम उत्तर आले नाही तर बत्तीस सेकंदांनंतर प्रकरण मिटले असे गृहीत धरावयाची मुभा आहे. बत्तीस हा आकडा मूळ मुदतीच्या, म्हणजे अर्ध्या सेकंदाच्या, चौसष्ट पटींतून येतो. त्यात याहून गूढ काही नाही.

आता खरा पेच. थोरला तांबडी खूण दाबतो त्याच क्षणी धाकटा हिरवी खूण दाबतो. 'कॅन्सल' वाळूजकडे निघाले आहे, स्वीकाराचा २०० सिडकोकडे निघाला आहे, आणि दोघे वाटेत एकमेकांस ओलांडून जातात. थोरल्याच्या दृष्टीने कॉल झालाच नाही. धाकट्याच्या दृष्टीने तो झाला आणि तो 'हॅलो' म्हणून बसला आहे. कोणाचे खरे मानावयाचे? सिपचा निर्णय निःसंदिग्ध आहे : अंतिम उत्तर देण्याचा अधिकार ज्याला बोलावले त्याचा, आणि ते एकदा दिले गेले की त्यावर 'कॅन्सल'चा काडीमात्र परिणाम होत नाही. धाकट्याचे यंत्र उशिरा आलेल्या 'कॅन्सल'ला 'पोचले' म्हणते आणि सोडून देते. इकडे थोरल्याच्या यंत्राला, मालकाच्या मनात नसतानाही, स्वीकाराची पोच द्यावी लागते. ती न दिल्यास पलीकडचे यंत्र आपला २०० पुन्हा पुन्हा पाठवीत राहील. पोच देऊन संभाषण रीतसर सिद्ध करावयाचे आणि लगोलग दुसरा शब्द उच्चारावयाचा : 'बाय'. 'बाय' हा संदेश मध्यस्थासाठी नसून संवादकासाठी असतो. सिद्ध झालेले संभाषण त्याने संपते. न केलेला कॉल मोडण्यासाठी तो आधी पूर्ण करावा लागतो, ही यातील विसंगती खरी. परंतु तिच्याशिवाय दोन बाजूंच्या हिशेबांचा मेळ बसत नाही. माघार आणि निरोप यांसाठी दोन शब्द का, या आरंभीच्या प्रश्नाचे उत्तरही येथेच मिळते. शब्द एकच असता तर 'मी बोलावणे मागे घेतो' आणि 'मी बोलणे थांबवितो' यांपैकी कोणते म्हणावयाचे आहे हे ऐकणाऱ्याच्या अवस्थेवरून ठरले असते, आणि ती अवस्था बोलणाऱ्याला दूर अंतरावरून निश्चित कळत नाही हाच तर मूळ रोग आहे.

'बाय' कोणी म्हणावे यावरही बंधन आहे. घंटा वाजत असताना, उत्तर देण्यापूर्वी, ज्याला बोलावले त्याला 'बाय' म्हणण्याचा अधिकार नाही; त्याच्यापाशी नकाराची अंतिम उत्तरे आहेत, त्यांतले एक त्याने द्यावे. मराठीत आज ज्याला 'फोन कट करणे' म्हणतात ते हेच. इतकेच नव्हे, तर स्वीकार केल्यावरही पलीकडून पोच येईपर्यंत, किंवा तिची मुदत संपेपर्यंत, त्याने 'बाय' म्हणावयाचे नाही. बोलावणाऱ्याला मात्र अपुऱ्या अवस्थेतही 'बाय' म्हणता येते. पण त्याने निमंत्रण मागे जात नाही, अनेक यंत्रांवर घंटा वाजत असल्यास त्यांतील एका यंत्राशी जुळू लागलेले सूत्र तेवढे तुटते. अशा आडव्यातिडव्या प्रसंगांची संख्या इतकी की केवळ त्यांचीच उदाहरणे जमवून डिसेंबर २००८ मध्ये आरएफसी ५४०७ हा स्वतंत्र दस्तऐवज काढावा लागला.

हा वाद निव्वळ तर्काचा नाही, त्याला पैशाची बाजू आहे. आकारणी सुरू होते ती स्वीकारापासून. घंटेला पैसे पडत नाहीत. ज्या काळात प्रत्येक सेकंदाचा वा मिनिटाचा दाम मोजावा लागे त्या काळात 'दोन घंटा वाजवून ठेवीन, म्हणजे समज की पोचलो' हा ठराव हजारो घरांत झालेला असे. 'निरोप' या मराठी शब्दाचे दोन अर्थ आहेत, सांगावा आणि रजा. मिस्ड कॉलमध्ये पहिला निरोप जातो तो दुसरा निरोप घ्यावा लागला नाही म्हणूनच. धाकट्याने गडबडीने फोन उचलला तर थोरल्याचे 'कॅन्सल' शर्यत हरते, बोलणे नसताना कॉल सिद्ध होतो, आणि फुकटच्या निरोपाला दाम पडतो. संकेत मोडणाऱ्या धाकट्याला घरी बोलणी बसत ती यासाठी.

संभाषणशास्त्रात या घंटेचा विचार इमॅन्युएल शेग्लॉफ या अमेरिकन अभ्यासकाने १९६८ मध्ये केला. पोलिसांकडे आलेल्या सुमारे पाचशे कॉलांचे आरंभ तपासून, घंटा हे 'आवाहन' आणि उचलणाऱ्याचा 'हॅलो' हे त्याचे 'उत्तर', अशी जोडी त्याने मांडली. फोनवर पहिले बोलणे उचलणाऱ्याचे का असते याचा उलगडा त्यातून झाला. सिपचे निमंत्रण आणि स्वीकार हीच ती जोडी. शेग्लॉफची जोडी दोन पदांची आहे, सिपची तीन पदांची, कारण येथे उत्तराचीही पोच लागते. समोरासमोरच्या बोलण्यात ही तिसरी पायरी नजरेने भरून निघते. परंतु आवाहन करून उत्तरापूर्वीच ते मागे घेणे, आणि त्या मागे घेण्यालाच अर्थ असणे, हा प्रकार त्या मांडणीत बसत नाही. त्याचा पद्धतशीर अभ्यास पुढे जोनाथन डोनर याने आफ्रिकेतील सामग्रीवर केला आणि २००७ मध्ये प्रसिद्ध केला. त्याने तीन प्रकार दाखविले : 'उलट फोन कर' असे सुचविणारा, आधी ठरलेला अर्थ कळविणारा, आणि नुसती आठवण काढणारा. आपल्याकडे हे तिन्ही परिचित आहेत. चौथा, सार्वजनिक प्रकारही येथे रुजला. २०११ मध्ये राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारे यांच्या भ्रष्टाचारविरोधी आंदोलनास पाठिंबा दर्शविण्यासाठी लोकांना एका क्रमांकावर मिस्ड कॉल देण्याचे आवाहन करण्यात आले होते. तेथे मताची नोंद होण्यासाठी कॉल अपुरा राहणे हीच अट होती.

माघार नेहमी माणूसच घेतो असे नाही. एका क्रमांकावर घरातील वा कार्यालयातील तीन यंत्रे वाजत असतील आणि एकाने उचलले, तर उरलेल्या दोहोंना प्रॉक्सी स्वतःहून 'कॅन्सल' पाठवितो. त्या दोन यंत्रांना हे कसे कळावे की बोलावणाऱ्याने नाद सोडला नसून कॉल शेजारच्या खोलीत घेतला गेला आहे? त्यांच्या लेखी दोन्ही 'कॅन्सल' सारखीच. दोघांवरही 'मिस्ड कॉल' अशी खोटी नोंद पडे. माघारीसोबत कारण जोडण्याची सोय डिसेंबर २००२ मध्ये आरएफसी ३३२६ ने केली. 'अन्यत्र पूर्ण झाला' असे कारण असल्यास यंत्राने हुकल्याची नोंद करू नये. एका संदेशाचे दोन अर्थ होतात हे ध्यानात आल्यावर भाषेत विभक्ती वाढावी तशी ही भर आहे.

माघार घेणारा दुसरा अमानवी घटक म्हणजे सेवा पुरविणाऱ्या कंपनीचे घड्याळ. आरएफसी ३२६१ या बाबतीत उदार आहे. मध्यस्थाने निमंत्रण तीन मिनिटांहून अधिक काळ जिवंत ठेवावे अशी त्याची अपेक्षा. प्रत्यक्षात घंटा किती वाजू द्यावयाची हे कंपन्या ठरवीत, आणि २०१९ च्या उत्तरार्धात भारतात त्यावरून मोठाच वाद झाला. त्या वेळी एका कंपनीच्या ग्राहकाने दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकास कॉल केल्यास पहिलीने दुसरीला मिनिटास ६ पैसे द्यावे लागत. घंटा लवकर थांबविली की न उचललेले कॉल वाढतात. मग पलीकडचा मनुष्य उलट फोन करतो आणि पैशांचा ओघ उलटा होतो. जिओने घंटेचा काळ वीस सेकंदांवर आणल्याची तक्रार प्रतिस्पर्ध्यांनी केली, पुढे एअरटेलनेही आपला काळ पंचवीस सेकंदांवर आणला, आणि अखेर १ नोव्हेंबर २०१९ रोजी दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे 'ट्राय'ने, न उचललेल्या व न नाकारलेल्या कॉलची घंटा मोबाइलवर ३० सेकंद आणि तारेच्या फोनवर ६० सेकंद वाजावी असे ठरवून दिले. माजघरात ठेवलेल्या फोनपर्यंत परसातून चालत येणाऱ्या म्हातारीच्या दृष्टीने वीस आणि तीस सेकंद यांतील अंतर म्हणजे मुलाशी बोलणे होणे आणि न होणे यांतील अंतर होय. तांत्रिक दृष्ट्या पाहता घडत होते ते इतकेच, की लावणाऱ्याच्या नावाने त्याच्या इच्छेविरुद्ध कोणी तरी 'कॅन्सल' उच्चारीत होते. १ जानेवारी २०२१ पासून ते ६ पैसेही रद्द झाले. घंटा आखूड करण्यातला लाभ त्याबरोबर संपला.

आता बहुतेक योजनांत बोलणे अमर्याद असल्याने दाम वाचविण्यासाठी मिस्ड कॉल देण्याची निकड ओसरली आहे. शब्द मात्र टिकून आहे आणि त्याची मराठीतील रचना विचारात घेण्यासारखी आहे. इंग्रजीत 'मिस्ड' हे विशेषण घेणाऱ्याच्या बाजूने लावलेले आहे. चुकला तो त्याच्याकडून. मराठीत मिस्ड कॉल 'देतात'. कर्ता लावणारा, आणि ज्याला तो दिला तो चतुर्थीत. हुकणे ही दुसऱ्याच्या हातून घडणारी गोष्ट; ती आपण होऊन कशी देता येईल, असा आक्षेप शुद्धतावादी घेतील. परंतु सिपच्या दृष्टीने मराठी रचनाच अधिक यथार्थ ठरते, कारण 'कॅन्सल' बोलावणाऱ्याच्या बाजूनेच निघते आणि पलीकडच्या यंत्रावर नोंद उमटते ती त्याच्या येण्याने. घेणाऱ्याच्या बाजूचा खरा हुकलेला कॉल, म्हणजे घंटा पूर्ण तीस सेकंद वाजून जाळ्याने मागे घेतलेला, आणि दुसऱ्या घंटेला ठरवून मागे घेतलेला कॉल, हे दोन्ही फोनच्या यादीत त्याच तांबड्या बाणाने दाखविले जातात. काही फोन अलीकडे घंटा किती वेळ वाजली तेही नोंदवू लागले आहेत. तेवढ्या आकड्यावरून वाळूजच्या धाकट्याला पाळी संपल्यावर कळू शकते की थोरला बोलण्यासाठी थांबला होता, की नुसता पोचल्याचे सांगून गेला.